वीणा खाली ठेवायची नाही

मारुती गेल्याचा फोन आला तेव्हा मनात पहिलं आलं ते हे, की खोटं असणार. आदल्याच आठवड्यात केजच्या बाजारात भेटला होता. मी आणखी दोघांना फोन लावून खात्री करून घेतली. स्वभावच तसा माझा, कुणाच्या शब्दावर म्हणून विश्वास नाही. आता महिना उलटलाय, आणि ज्याच्यावर सगळ्यात जास्त संशय घेतला त्याच्याबद्दलच लिहायला बसलोय.

बायको गेली ते वर्ष दुष्काळाचं. अर्धं गाव ऊसतोडीला, बरेचसे जनावरं घेऊन छावणीत. मी निवृत्त मास्तर, घरात एकटा. जेवण नको, बोलणं नको, दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचो. मुलगी सुनंदा अंबाजोगाईला नर्स. ती भेटायला यायची, तर मीच एकदा म्हणालो, "रानावर डोळा ठेवून येतेस." रडत गेली ती परत आली नाही. अशात हा मारुती रोज सांजच्याला दारात. "मास्तर, चला हरिपाठाला." दूध सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता ना! म्हटलं, मतासाठी चाललंय सगळं. तोंडावर सांगितलं, "माझं मत तुला नाही." तो हसला. "नका देऊ. टाळ तर धरा." कटकट नको म्हणून गेलो. पाच-सहा म्हातारी माणसं असायची. खरं सांगतो, तेवढा वेळ छातीवरचा दगड हलल्यासारखा वाटायचा... पण संशय काही जाईना.

मग सप्ताह बसला. सप्ताहात वीणा सातही दिवस कुणाच्या तरी गळ्यात असावी लागते. दुसऱ्यानं घेईपर्यंत पहिल्यानं हलायचं नाही, खाली ठेवायची तर बातच नाही. गावात माणसं कमी, म्हणून मारुतीनं मला दुपारी बाराचा पहारा लावला. नेमका मतदानाच्या दिवशी! "दोनला मी येतो, मग जा मत टाकायला," म्हणाला होता. दोन वाजले, तीन वाजले, हा गायब. बाकीचे गडी मतदानाला, आणि बायकांच्या गळ्यात वीणा द्यायची आमच्याकडं रीत नाही. चारला मतदान संपलं. म्हटलं, वा रे पठ्ठ्या, विरोधातलं मत देवाच्या दारात बांधून ठेवलंस! हरिपाठाला येणाऱ्या गंगूबाईनं तांब्यानं पाणी पाजलं, येणारं-जाणारं पाया पडत होतं. तोंडानं रामकृष्णहरी आणि पोटात शिव्या.

पाचच्या सुमारास जीप थांबली. मारुती उतरला आणि त्याच्यामागं सुनंदा.

"मत टाकलंस का?" मी तेच विचारलं. पोरीकडं बघायची हिंमत नव्हती.

"कवा टाकू? सकाळीच अंबाजोगाईला गेलतो. तिला आजच सुट्टी. आप्पा घरात घेणार न्हाईत म्हणून लई रडत हुती, समजावण्यात येळ गेला."

"अरे, स्वतःची निवडणूक सोडून कशाला गेलास?"

"निवडणूक फिरून येईल मास्तर. तवर तुमी ऱ्हायले नसते."

मला जगणं नकोसं झालंय हे त्याला कसं कळलं होतं, देव जाणे. मी कुणालाच बोललो नव्हतो. त्यानं पाया पडून वीणा गळ्यात घेतली, माझे हात मोकळे झाले, आणि सगळ्यांसमोर मी लेकीच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडलो. मारुती ती निवडणूक हरला. दुसऱ्या दिवशी सांजच्याला पुन्हा दारात!

मागच्या आठवड्यात सप्ताह झाला. बाराचा पहारा माझाच. दोन वाजता शेजारचे नाना पुढं आले, "द्या मास्तर, दमलात."

"थांबा थोडं," मी म्हणालो, "मारुती येतो म्हणालाय."

नानांनी पुढं केलेले हात मागं घेतले. माझ्या शेजारी उभे राहिले.