पलंगाखालचा पंप

मी फिटर माणूस. सातपूरच्या कारखान्यात जन्म गेला. बेल्ट नसेल तर पुली फिरत नाही, एवढंच माझं अध्यात्म. भगताकडे जाणाऱ्यांची टिंगल करण्यात मी कायम पुढे असायचो. तरी हे लिहितोय... कारण वहिनी आता थकली आहे, आणि तिला सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही पंचवटीत, पेठ नाक्याजवळ राहायचो. माझा मोठा भाऊ अण्णा नाशिक-पेठ टॅक्सी चालवायचा. लहानपणी झाडावरून पडल्यापासून त्याचा डावा हात लुळा. पण गाडी होती जुनी अमेरिकन, एका शेटजींनी वापरून काढून टाकलेली. गिअर आपोआप पडायचे, आणि पॉवर स्टिअरिंगमुळे चाक एका बोटाने फिरायचं. म्हणून तर अण्णा ड्रायव्हर होऊ शकला. सगळं घर त्या गाडीवर चालायचं.

पुढे स्टिअरिंगचा पंप गळायला लागला. पार्ट मुंबईतही मिळेना. शेवटी रफिकचाचा मेकॅनिकने पंप आणि बेल्ट काढून टाकले, पाइपांची तोंडं एकमेकांना जोडून दिली. चाक जात्यासारखं जड झालं.

"अण्णा, एका हाताची गाडी नाय राहिली आता ही," चाचा म्हणाले. "विकून टाका."

विकून करणार काय? अण्णाने पंप घरी आणून पलंगाखाली ठेवला, न जाणो कधी पार्ट मिळाला तर. काही दिवस तोंड पाडून बसला. मग एका सकाळी गाडी काढली आणि चक्क पेठला जाऊन आला. म्हणाला, हलकं फिरतंय की.

मी हसलो. स्वतः बसून पाहिलं — दोन्ही हातांनी जोर लावून घाम फुटला. मग अण्णा बसला... एक बोट! बॉनेट उघडलं, तर पंपाची जागा रिकामी.

त्यानंतर वहिनी म्हणाली, हे घाटात असले की पलंगाखालचा तो तापतो. मी हात लावला. कोरडा पंप, ना तेल ना बेल्ट — आणि मला चटका बसला. वहिनीला मात्र त्याची सवय झाली. पंप निवला की म्हणायची, उतरले सावळघाट, आणि निवांत स्वयंपाकाला लागायची.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात, आणि पुजलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत कामाला लावत नाहीत. तेवढीच त्याला विश्रांती. वहिनीने माझ्या पान्यांबरोबर पंपही पुसून पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. घरात सगळ्यात जास्त तोच राबतो, म्हणाली. गाडीलाही माळ घालून दारात उभी केली होती.

दुपारी पेठकडचा एक मजूर धावत आला. गावाकडे त्याची बायको बाळंतपणात अडली होती, आणि तिथे वाहन नव्हतं. अण्णाने गाडीची माळ उतरवली, बॉनेटला हात जोडून माफी मागितली आणि त्याला शेजारी बसवून निघाला. पंपाची माळ उतरवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

उन्हं कलेपर्यंत वहिनीने नेहमीसारखा चारदा पंपाला हात लावून पाहिला.

"भाऊजी, हा अजून गारच आहे हो."

मी म्हणालो, घाट लागला नसेल अजून. पण घाट केव्हाच लागायला हवा होता, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिने माळ तोडून टाकली. पंप मांडीवर घेतला आणि आजारी पोराचे तळवे चोळावेत तशी त्याला चोळत बसली. "ऊठ रे बाबा," एवढंच म्हणत होती. पंप गारच राहिला.

संध्याकाळी कळलं. गाडी दरीत गेली होती. मजूर बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. तो सांगत होता, "निघाल्यापासून चाक जड व्हता, तरी माझ्या बायकोपायी अण्णा रेटत गेला. वळणाव अण्णा पुरा चाकाला लोंबकळला, पन चाक फिरलाच नाय." त्याच्या बायकोचं काय झालं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पंप अजून माझ्याकडे आहे. खोलून पाहिलाय, त्यात काहीसुद्धा नाही. पंप नसताना ते चाक इतके दिवस कसं फिरत होतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी ते का फिरलं नाही, हे मात्र वहिनीला पक्कं ठाऊक आहे... आणि तसं नव्हतं गं, एवढं मला तिला म्हणता येत नाही.