सुई लागली की दोन तास

सलाईन लागलं की पेशंटला दोन तास उठता येत नाही, आणि मलाही. हॉस्पिटलात माणूस छताकडे बघत पडतो, घरी तो बोलतो! मी लोणावळ्याहून स्कूटरवर निघते आणि मावळात घरोघरी जाऊन, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं शिरेतून देते. आजार जुनाट, त्यामुळे दर महिन्याला तीच घरं. सात वर्षांत इतके किस्से साठलेत की आता ठेवायला जागा नाही.

*

मळवलीचे आबा भाजीपाल्याची शेती करतात. संधिवातानं बोटं वाकडी झालेली. पहिल्या दिवशी अर्धा तास नुसते बाटलीकडे बघत होते.

"सिस्टर, ह्ये असंच थेंब थेंब चालायचं?"

"हो आबा. दोन तास."

"पाटानं सोडा की!"

घाई केली तर त्रास होतो, हे मी समजावून सांगितलं. आबांनी सुस्कारा सोडला. "तीन वरसं झाली, ठिबकसाठी अर्ज केलाय. रानात न्हाई बसलं, माझ्यात बसलं!"

*

औषध थंड ठेवावं लागतं, म्हणून स्कूटरच्या मागे बर्फाचा पांढरा डबा. एका रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकले होते. शेजारच्या गाडीची काच खाली झाली.

"दीदी, दो मलाई कुल्फी देना."

म्हटलं, "इसमें जो है, वो डॉक्टर की चिट्ठी के बिना नहीं मिलता."

काच वर गेली. आत कुजबुज झाली. काच परत खाली.

"चिट्ठी कहाँ मिलती है?"

*

त्याच रस्त्याला एका मावशींचा भज्यांचा स्टॉल आहे, मागेच घर. मावशी आत कॉटवर सलाईन घेतात, बाहेर सूनबाई कढई सांभाळते. मध्ये एक खिडकी.

एकदा अर्ध्यातच बोटाला लावलेलं मशीन वाजायला लागलं. नाडी एकशे वीस! मी आधी सलाईन बंद केलं. औषधाची रिअॅक्शन आली की काय? मावशी, दम लागतोय? खाज येतेय? छातीत धडधडतंय?

मावशींनी नाकानं खिडकीकडे खूण केली. तेवढ्यात मलाही करपल्याचा वास आला.

"मला काय बी झालं न्हाई," मावशी म्हणाल्या. "रिअॅक्शन भज्यांना आलीया!"

*

नवलाख उंबरे गावातला संतोष कारखान्यात पत्रा दाबायची दोनशे टनांची प्रेस चालवतो. आतड्याचा आजार आहे. माणूस धिप्पाड. मी हात पुढे करायला सांगितला. त्यानं केला, तोंड फिरवलं, डोळे मिटले, दुसऱ्या हातानं आईचा पदर धरला.

"आई गं! मेलो! झालं का सिस्टर?"

"अजून झाकण नाही काढलं सुईचं."

आई शांतपणे म्हणाली, "काढू नका. एवढ्यातच बरा झाला तर बघा!"

*

डोंगरावरच्या एका वाडीत हिराबाई राहतात. गाडी पायथ्याला लावून पाऊण तास चढायचं. वय पन्नाशीचं, पण गुडघे, घोटे, मनगटं, सगळं आखडलेलं. पहिल्या डोसला दोन लेकांनी घोंगडीची झोळी करून त्यांना खाली दवाखान्यात आणलं होतं. मग डॉक्टर म्हणाले, पुढचे डोस घरी द्या.

घरात बाटली टांगायला खिळा नव्हता. नवऱ्यानं आढ्याला दोरी बांधून दिली. दर महिन्याला मी विचारायचे, "काही फरक?"

"हाय तसंच."

चौथ्या महिन्यातही "हाय तसंच." खाली उतरताना मलाच रडू आलं. वाटलं, ही बाई आता अंथरुणातच राहणार.

पाचव्या महिन्यात म्हणाल्या, "परवा माज्या हातानं घास खाल्ला." एवढंच.

आठव्या महिन्यात मी पायथ्याला गाडी लावली, तर समोर दगडावर हिराबाई बसलेल्या! काय झालं? पुन्हा खाली आणावं लागलं?

"कोणी आणलं तुम्हाला?"

"कोन आननार? आले चालत."

त्यांना त्याचं काहीच विशेष नव्हतं. उठल्या, औषधाचा डबा माझ्या हातातून घेतला, डोक्यावर ठेवला आणि चढायला लागल्या. मी मागे. अर्ध्या वाटेवर माझा श्वास इतका फुलला की गुडघ्यांवर हात टेकून मी उभी राहिले.

वरच्या वळणावर हिराबाई थांबल्या. मागे वळून बघितलं.

"बसा वाईच, सिस्टर! मला कुटं घाई हाय?"