फळीवरचा बोंबलांचा डबा

ती केस आठवली की मला अजून सुक्या बोंबलांचा वास येतो. तेव्हा मी सावली तालुक्यात ठाणेदार होतो. तलावावर मासे धरणारा एक म्हातारा उलट्या होऊन बेशुद्ध पडला आणि चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती झाला. लघवीच्या तपासणीत आर्सेनिक मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. त्याच दिवशी ठाण्यात त्याच्या पुतण्याचा फोन आला.

"काकाले सुनेनंच जहर देल्लं. रांधते तीच, वाढते तीच."

डायरीत नोंद केली. बाईचा जबाब घरीच घ्यायचा असतो, म्हणून महिला शिपायाला घेऊन गेलो. डॉक्टरांनी एक प्रश्न दिला होता : समुद्रातले मासे खाल्ले का?

"नाई साहेब," सून म्हणाली. "आमी ढिवर, तलावात मासोळी धरनारे. आमच्या घरी इकतची मासोळी येत नाई."

तीनदा विचारलं, तिन्ही वेळा नाही. पण तिसऱ्या वेळी तिची नजर चुलीवरच्या फळीकडे गेली. खोटं बोलणारा माणूस तोंड सांभाळतो, डोळे विसरतो. तिखटामागे एक डबा होता. पंचांसमोर उघडला. अकरा सुके बोंबील.

"जेलात जायची पाळी आली तुयावर, अन् बोंबील लपवून राह्यली?" महिला शिपाई म्हणाली.

मग ती रडली. सासू गेल्यापासून म्हाताऱ्याचं जेवण तुटलं होतं. विकतची मासोळी खाल्ली तर जाळं जाळीन, असं तो जन्मभर गावाला सांगत आला होता. आता फक्त बोंबलाची चटणी त्याला गोड लागे. नवरा तलावावर गेला की ती चोरून भाजून देई.

"मामाजीनं," ती सासऱ्याबद्दल म्हणाली, "वचन घेतलं होतं. गावात इज्जत हाये त्याईची."

डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, समुद्री जिवांच्या अंगात आर्सेनिक असतंच, पण बहुतेक सेंद्रिय संयुगांच्या रूपात. ते बाधत नाही, लघवीवाटे निघून जातं. साधी तपासणी दोन्ही प्रकार एकत्रच मोजते. प्रकार वेगळे करणारी तपासणी नागपूरहून आली, तेव्हा जवळजवळ सगळं बिनविषारी निघालं. म्हातारा पडला होता तो रक्तातलं सोडियम घटल्यानं.

तो शुद्धीवर आल्यावर मी सगळं सांगितलं. खाटेभोवती सून, मुलगा, पुतण्या उभे होते. तो पुतण्याला म्हणाला, "इकतचे बोंबील खातो मी. जा, सांग गावाले." आणि सुनेला, "डबा समोर ठेवत जा, माय."

अहवालातला आकडा खरा होता, तो कशाचा हे विचारायचं राहिलं होतं. पुढे नोकरीत कोणी खोटं बोललं, की मी आधी एवढंच शोधायचो : हे कोणासाठी?