बॉनेटवरची हळद आणि महालिंगअप्पा

मानवतमध्ये महालिंगअप्पांबद्दल अशी बातमी होती की ते गाडीला अत्तर मारतात. बायकोला नाही, गाडीला. किराणा दुकानात ते अत्तर केवड्याचं होतं, पिठाच्या गिरणीपर्यंत जाता जाता गुलाबाचं झालं, आणि एस.टी. स्टँडवर तर एकानं मला छातीठोक सांगितलं, "अत्तर कशाचं? पोखर्णीच्या नरसिंहाचं तीर्थ हाय ते. बाटलीत भरून आणतेत. म्हणून त्या गाडीला एक ओरखडा न्हाई."

यातलं एकही खरं नाही. आमची आणि अप्पांची भिंत एकच आहे, त्यामुळे मला माहीत आहे. त्या बाटलीत स्प्रे वॅक्स असतं, म्हणजे गाडीला चमक आणायचं फवाऱ्याचं मेण. त्याला पिकलेल्या केळासारखा वास येतो, म्हणून अत्तराची आवई उठली. आणि ओरखडा आहे. मागच्या दारावर, बकरीच्या शिंगाचा.

अप्पांचं वय बावन्न. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात फणी आणि पिवळा कपडा. बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्याची जीप मानवत-पाथरी चालवली. त्या खड्ड्यांनी कंबर कामातून गेली. मग त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि लग्नात नवरदेवासाठी लावायला लागले. नवरदेवाची गाडी बँडच्या मागं चालते, म्हणजे जवळजवळ चालतच नाही. कंबरेला आराम.

अप्पांना वाक्यातला शेवटचा शब्द दोनदा म्हणायची सवय आहे. आवाज खालचा, पोत्यातून आल्यासारखा. माझाही आवाज जाड आहे, फोनवर गॅसवाला मला 'दादा' म्हणतो. एकदा मी भिंतीवरून अप्पांच्या आवाजात "चहा टाक, टाक" म्हणाले आणि त्यांच्या बायकोनं, गंगम्मामावशीनं, खरंच चहा टाकला. अप्पा तेव्हा पाथरीत होते. मावशीनं तो चहा मलाच पाजला आणि वर म्हणाली, "तुझं लगन झालं की सासू येडी हुईल."

आता त्या बाटलीची गोष्ट. ती सुरू होते मागच्या उन्हाळ्यातल्या एका लग्नापासून. आपल्याकडे नवरदेव बसायच्या आधी गाडीची पूजा होते. बॉनेटवर ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघतं. अप्पांची गाडी पांढरी. त्या लग्नात मनकर्णाबाई नावाच्या नवरदेवाच्या आत्या ताट घेऊन आल्या आणि अप्पा मध्ये आडवे झाले. "बाई, कागदावर काढा. कागद चिटकवू, चिटकवू."

मंडपात गलका झाला. ड्रायव्हरनं कुंकवाला हात आडवा लावला! आत्यांनी मग मुद्दाम केवढंतरी मोठं स्वस्तिक काढलं. ते चार तास उन्हात वाळलं. घरी आल्यावर अप्पा आणि मावशीनं जे केलं ते फक्त आमच्या गल्लीतच होऊ शकतं. देवाचं पितळ ज्यानं घासतात, त्या लिंबानं आणि मिठानं दोघांनी बॉनेट घासलं. तासभर. हळद गेली, कुंकू गेलं, आणि त्यांच्यासोबत चमकही गेली. दुसऱ्या दिवशी उन्हात बघितलं तर स्वस्तिक जागच्या जागी होतं, फक्त रंग नव्हता.

मावशी म्हणाली, "देवाचे तांबे तर कसे लखलख करतेत बगा."

अप्पा म्हणाले, "तांब्याला रंग नसतोय, नसतोय."

गाडीपेक्षा मोठं नुकसान वेगळंच झालं. लग्नांच्या गाड्या तात्याराव ठरवतात. मंडप त्यांचा, बँडवाले त्यांचे, घोडा त्यांच्या मेव्हण्याचा. ते स्वतःबद्दल बोलताना 'मी' म्हणत नाहीत. "अप्पा, तात्याराव कुणाच्या पोटावर पाय देत न्हाई. पण आत्याबाईची तक्रार तात्यारावच्या कानात अजून वाजायलीय." त्यानंतर अप्पांना एकही लग्न मिळालं नाही. दिवाळीनंतर कंबरेला पट्टा बांधून ते परत जीपवर जायला लागले. संध्याकाळी उतरताना आधी एक पाय, मग दार धरून थोडं थांबायचं, मग दुसरा पाय. त्याची नक्कल मी एकदा करून बघितली होती. परत केली नाही.

गाडीचं बॉनेट नीट केलं मावशीच्या भाच्यानं, शिवकांतनं. तो परभणीला गाड्यांना पॉलिश करायच्या दुकानात आहे. त्यानं मशीन फिरवून ते भुताचं स्वस्तिक काढलं, सगळ्या गाडीला पूर्ण वॅक्स केलं आणि ही बाटली हातात दिली.

"मामा, पूर्ण वॅक्स वर्षातून दोन-तीनदा. त्याला अर्धा दिवस जातोय. मधल्या दिवसांत ही. धुतली, पुसली, की फवारायची. वीस मिनिटांत काम."

"म्हंजे पूर्ण वॅक्सची गरज न्हाई, न्हाई?"

"हाय की! ही खालचा थर टिकवती. खाली काहीच नसलं तर ही एकटी काय करंल?"

"मग आता हळद लावली तर चालंल, चालंल?"

"चालंल. पण घासायचं न्हाई, आन् लय वेळ उन्हात ठिवायचं न्हाई."

"लय म्हंजे किती, किती?"

"मामा, ते बाटलीवर लिवलेलं नसतंय."

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी सकाळी अप्पा दारातल्या कडुलिंबाखाली गाडी धुतात. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं, वाळलं की पांढरे ठिपके उठतात, म्हणून आधी पूर्ण कोरडी करतात. मग एका वेळी एकच भाग. बॉनेट फवारलं की बॉनेट पुसायचं, मग दार. एका कपड्यानं पसरवायचं, दुसऱ्या कोरड्यानं चमकवायचं. काचेवर फवारा जाऊ द्यायचा नाही, समोरचं धूसर दिसतं. गरम पत्र्यावर मारायचं नाही. आणि धुळीच्या गाडीवर तर मुळीच नाही. एकदा मी वाळलेली काळी माती कपड्यानं झटकायला गेले तर अप्पा असे ओरडले की लिंबावरचा कावळा उडाला. "ती माती हाय का पॉलिश पेपर? पेपर?"

ह्या मे महिन्यात तात्यारावांनी अप्पांना एक लग्न दिलं. एकच. "तात्याराव बघणार. गुमान ऱ्हायलात तर सीझन तुमचा. न्हाईतर गाडी दुसरी."

लग्न पाथरीला होतं आणि नवरदेव माझा मामेभाऊ योगीराज. म्हणजे गाडीची पूजा करणार होती माझी आजी, कस्तुराबाई. मी आदल्या संध्याकाळी भिंतीवर चढून अप्पांना सावध केलं.

"अप्पा, आमची आजी स्वस्तिक काढत न्हाई, सारवते."

"सारवू दे, दे."

"तुमी गप बसणार?"

"बसणार, बसणार."

"शक्यच न्हाई! लावा पैज. आजीनं ताट उचलल्यापासून अक्षता पडेपर्यंत तोंडातून एक शब्द न्हाई काढायचा."

ठरलं. ते हरले तर गाडीत नवरीसारखी मागं बसवून मला परभणीला आइस्क्रीम खायला नेणार. मी हरले तर चार रविवार गाडी धुवायची, पुसायची, आणि तेवढा वेळ कुणाचीही नक्कल नाही. मावशी आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर येऊन हळू म्हणाली, "पोरी, तुला मजा वाटायलीय. पण उद्या ह्यांचा तोंडाचा पट्टा सुटला ना, तर सोमवारपासून कंबरेचा पट्टा परत."

पाथरीला मी आईबरोबर आधीच पोचले होते. अप्पा आले तेव्हा गाडी अशी होती की योगीराज नवरदेव असून बॉनेटमध्ये बघून मिशी सारखी करत होता. पहाटे सावलीत फवारून आणली होती. अकराच्या सुमारास आजी निघाली. हळद पाण्यात कालवलेली, तीही वाटीत नाही, तांब्यात. तिनं बॉनेटवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वस्तिक ओढलं. मग दोन्ही दारांवर पंजे. मग कुंकू. मग "टपावर बी लावा गं कुणीतरी" म्हणून चुलत्या बोलावल्या. अप्पा दोन्ही हात मागं बांधून उभे. हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झालेला. ओठ घट्ट.

मला राहवलं नाही. आइस्क्रीमसाठी म्हणा, नाहीतर नुसत्या खाजेनं म्हणा, बँडच्या गाडीमागं जाऊन मी अप्पांच्या आवाजात ओरडले, "ओ आजी, बॉनेट सोडा, सोडा!" वाटलं होतं, अप्पा तरी म्हणतील, 'मी न्हाई, न्हाई!' आणि हरतील.

नेमका त्याच क्षणी बँड थांबला होता.

सगळी मंडळी वळली. आजीचा हात तांब्यात तसाच. मंडपाच्या खांबापाशी तात्याराव होते, ते पुढं आले. "अप्पा? तात्याराव काय म्हणला होता तुमाला?"

अप्पांनी मला बघितलं होतं. बँडच्या गाडीखालून माझ्या चपला दिसत होत्या. एक बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. मावशीचं बोलणं आठवलं ते तेव्हा, आधी नाही.

अप्पांनी बोट दाखवलं नाही, तोंडही उघडलं नाही. पुढं होऊन त्यांनी कुंकवाचं ताट दोन्ही हातांत घेतलं, आजीसमोर वाकून धरलं, आणि जिथं पत्रा अजून पांढरा होता ती जागा हनुवटीनं दाखवली. मग स्वतः चिमूटभर कुंकू घेऊन स्वस्तिकाच्या मधोमध टेकवलं.

आजी विरघळली. "तात्याराव, हा माणूस गरीब गाय हाय. कुणीतरी वांड कार्टं वरडलं असंल."

वांड कार्टं तिच्यापासून दहा हातांवर होतं.

साडेबाराचा मुहूर्त, अक्षता पडल्या पावणेतीनला. तोवर अप्पा गाडीपासून हलले नाहीत. मंडपाच्या कनातीची सावली जशी सरकेल तशी ते गाडी दोन-दोन हात सरकवत होते, बॉनेट तेवढं सावलीत राहील अशी. बँडवाल्यानं विचारलं, "काय करायलाव अप्पा?" अप्पांनी फक्त मान हलवली. जेवायला बोलावलं तरी मान हलवली. शेवटी मीच पत्रावळ नेऊन दिली. ते उभ्याउभ्या जेवले. माझ्याकडे बघितलं नाही.

अक्षता पडल्या आणि मिरवणुकीच्या आधी अप्पांनी बादली आणली. आधी बॉनेटवर हात ठेवून बघितला. मग ओला कपडा स्वस्तिकावर नुसता पसरला आणि दहा मिनिटं तसाच ठेवला. घासलं नाही. उचलला तेव्हा कपडा लालपिवळा आणि खाली पत्रा पांढरा. फक्त अगदी काठाला, जिथं पहाटे फवारा पोचला नव्हता, तिथं बोटभर पिवळेपणा राहिला. "जाईल उन्हानं चार दिवसांत, दिवसांत." जवळजवळ चार तासांनंतरचे त्यांचे हे पहिले शब्द.

तात्याराव बघत होते. म्हणाले, "जूनमधली दोन लग्नं तात्यारावनं तुमच्या नावावर टाकली. एक सेलूचं, एक इथलंच." अप्पांनी मान डोलावली आणि कपडा पिळला. जीपवाल्याला त्यांनी तिथूनच फोन लावला की सोमवारपासून दुसरा माणूस बघ.

मग आजीला जाऊन मी सगळं सांगितलं. तिनं माझा कान धरला आणि तसाच धरून मला अप्पांपाशी नेलं. मी माफी मागितली, माझ्याच आवाजात. अप्पा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. रविवारी सातला ये, ये."

पैज मी हरले. रविवारी सातला गेले तर लिंबाखाली बादली भरून ठेवलेली होती. मी बॉनेटकडे वळले तर अप्पा म्हणाले की सुरुवात टपापासून करायची असते, नाहीतर वरची घाण धुतलेल्यावर येते. मी स्टूल आणलं.