दोन दिवसांत जन्मलेलं गाव

धम्मशीला पैठणेचं गाव पाथरीपासून जीपनं अर्ध्या तासावर. तिथल्या आधार कार्डांवर विश्वास ठेवला तर निम्मं गाव एक जूनला जन्मलं आणि उरलेलं एक जानेवारीला. जे शाळेत गेले त्यांना नाव घालताना गुरुजींनी एक जून दिला; जे गेले नाहीत त्यांना आधारच्या शिबिरात मशीनवर बसलेल्या माणसानं एक जानेवारी देऊन टाकली. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. धम्मशीलालाही नाही, ती स्वतः एक जूनचीच.

तिनं पाथरीच्या एका फोटो स्टुडिओत नऊ वर्षं पासपोर्ट फोटो कापले, लग्नाचे अल्बम चिकटवले. कॅमेरा हातात यायचा तो फक्त पुसायला. मग एकदा फोनवर तिला कळलं की आपले फोटो इंटरनेटवरच्या एजन्सीकडे ठेवता येतात. जगात कुणाला लेखाला, जाहिरातीला हवा असला की तो विकत घेतो, आणि दर विक्रीचा वाटा फोटो काढणाऱ्याला मिळतो. एकच फोटो शंभरदा विकला तरी आपलाच राहतो, ही गोष्ट तिला फार आवडली. भाकरी एकदा खाल्ली की संपते, एवढंच तिला आजवर ठाऊक होतं.

तिनं एक जुना कॅमेरा घेतला आणि पहिले साठ फोटो पाठवले. बावन्न नाकारले गेले. गावात कॅमेरा कुठेही धरा, कंपनीचं नाव येतंच: खताच्या पोत्यावर, बियाणेवाल्यांनी फुकट वाटलेल्या टोप्यांवर, छत्रीवर, पाण्याच्या टाकीवर. विकायच्या फोटोत दुसऱ्या कंपनीचं नाव एजन्सीला चालत नाही. दुसरी कुणी असती तर हात टेकले असते. हिनं लोकांना टोप्या उलट्या करून घालायला लावल्या, पोती आतली बाजू बाहेर काढून अंथरली. लोक हसले, पण बसले. पुढे एकीच्या चार एजन्सी झाल्या. कापूस वेचणारा तोच हात चार दुकानांत मांडलेला. चारांतली एक मात्र मोठी, निम्म्याहून जास्त कमाई तिचीच. तिसऱ्या वर्षी स्टुडिओच्या पगाराएवढे पैसे यायला लागले, तेव्हा तिनं स्टुडिओ सोडला.

चेहरा दिसणाऱ्या प्रत्येक फोटोसोबत त्या माणसाची संमती पाठवावी लागते: नाव, जन्मतारीख, सही नाहीतर अंगठा. शेजारची चतुराबाई या कागदाला राजीनामा म्हणायची. बाकीच्या बायका आधी बिचकल्या, कशाचा राजीनामा म्हणून. "आगं, राजी हाय मनून नामा," चतुराबाईनं समजावलं. "माझा बाप निजामाच्या कोर्टात आसाच राजीनामा लिवून आलता." चतुराबाई सत्तरी ओलांडलेली, आणि मिरच्या निवडतानाचा तिचा चेहरा सगळ्यात जास्त विकला जाई. विक्रीतला तिचा वाटा धम्मशीला न चुकता तिच्या हातात ठेवी.

एप्रिलच्या शेवटी मोठ्या एजन्सीचं पत्र आलं. इंग्रजी होतं, धम्मशीलानं फोनवर मराठी करून वाचलं. तुमच्या फोटोंत अकरा स्त्रिया आहेत. सात जणींची जन्मतारीख एक जून आहे, चौघींची एक जानेवारी. या व्यक्ती खऱ्या नाहीत आणि संमतीपत्रं बनावट आहेत असा आम्हाला संशय आहे. चौदा दिवसांत पुरावा द्या, अन्यथा खातं कायमचं बंद होईल. सहाशे चाळीस फोटो त्या क्षणापासून दुकानातून उतरवले गेले होते.

खातं जायची भीती वाटलीच. पण त्याहून जास्त तिला राग आला. चतुराबाई खरी नाही? पहाटे उठून रानात जाणारी, तीन पोरींची लग्नं केलेली, दाढ दुखली की अख्खी गल्ली डोक्यावर घेणारी बाई खरी नाही?

तिचा नवरा सिद्धोधन परभणी-पाथरी जीप चालवायचा. संध्याकाळी त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सोपा उपाय सांगितला.

"तारखा बदलून टाक. एकीला मार्च लिही, एकीला दिवाळी. माफी माग, चूक झाली मन. कोन बघायलंय तिकडं?"

"मी न्हाई बदलायची."

"आगं, एक जून तरी कुठं खरा हाय? ते बी खोटंच की."

"आसंल खोटं. पर ते गुरुजीनं लिवल्यालं हाय. आता मी लिवलं तर ते माझं खोटं व्हईल. तुमी जेवा."

सिद्धोधन जेवला. या बाईशी वाद घालण्यापेक्षा जीप ढकलत परभणीला नेलेली बरी, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

तिनं एक पत्र पाठवलं. उत्तर आलं ते पहिल्या पत्राचीच नक्कल. दुसरं पाठवलं, तेच. खऱ्या तारखा तरी कळतात का म्हणून ती घरोघर फिरली. एक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची निघाली, कोणत्या पोळ्याच्या ते माहीत नाही. चतुराबाई म्हणाली, "माय सांगायची, ज्वारी पोटऱ्यात आलती. शिबिरात बी मी तेच सांगितलं. त्यानं जानेवारी दाबलं." रब्बीची ज्वारी पोटऱ्यात येते ती डिसेंबर-जानेवारीच्या सुमारासच; तसं बघितलं तर तो माणूस फार चुकला नव्हता. यात नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी धम्मशीलाला सुचलं की आपण लिहीत काय बसलोय, आपला धंदा फोटोचा. तिनं अकरा जणींना आपापलं कार्ड घेऊन शाळेच्या ओट्यावर बोलावलं. सुट्टी लागलेली, शाळा मोकळीच होती. ज्या ओट्यावर गुरुजींनी तारखा वाटल्या तिथंच सगळ्या ओळीनं बसल्या. कार्ड हनुवटीखाली, नंबरावर अंगठा, तारीख उघडी. चतुराबाईनं कार्ड उलटं धरलं होतं, ते सरळ केलं. कुणी हसायचं नाही असं बजावल्यावर सगळ्यांना हसू फुटलं. धम्मशीलानं कॅमेरा स्टुलावर ठेवला, दहा सेकंदांची कळ दाबली आणि स्वतःचं कार्ड घेऊन धावत जाऊन शेवटी बसली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच कॅमेऱ्याच्या पुढे आली होती.

फोटोसोबत तिनं चारच ओळी लिहिल्या. आमच्याकडे जन्म लिहून ठेवायची पद्धत नव्हती. तारीख शाळेनं दिली, नाहीतर सरकारनं दिली. बारावी मी आहे. आम्ही सगळ्या खऱ्या आहोत.

तेराव्या दिवशी दुपारी ती चतुराबाईकडे नवीन राजीनामा भरायला बसली होती. मोठ्या एजन्सीचा भरवसा उरला नव्हता, पण बाकीच्या तीन होत्या, आणि काम थांबवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. जन्मतारखेच्या रकान्यात तिनं नेहमीसारखी एक जानेवारी लिहिली. तेवढ्यात पत्र आल्याचं फोनवर वाजलं. खातं पुन्हा सुरू केलं आहे, असं मोठ्या एजन्सीनं कळवलं होतं. खाली एक ओळ जास्तीची होती. माझ्या वडिलांचीही जन्मतारीख एक जानेवारी आहे, त्यांच्या गावातही कुणी लिहून ठेवत नसे. त्याखाली नाव नव्हतं.

तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटची ओळ दोनदा वाचली.

"कोन्या गावचा हाय मनं त्येचा बाप?" चतुराबाईनं विचारलं.

"लिवलं न्हाई, मावशी."

चतुराबाईनं अंगठा शाईत बुडवला, जरा विचार केला आणि म्हणाली, "ज्वारी पिकत आसंल तिथं."

मग तिनं अंगठा कागदावर नीट दाबला.