घासलेली जाळी

भांड्यावर डाग दिसला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. येडगावात माझ्या लख्ख भांड्यांचं कौतुक होतं आणि ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू. त्याच आवडीपायी मी सुनेच्या सहा आठवड्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं.

सून मढची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. पुण्यात ती पाण्यापासून स्वस्तात हायड्रोजन काढायच्या पद्धतीवर संशोधन करते. सुट्टीला आली ती बरणी, छोटं सोलर पॅनल आणि निकेलच्या दोन जाळ्या घेऊनच. त्यातली एक विटकरी डागांनी भरलेली. सकाळी तिनं ती परसात वाळत ठेवली आणि अंघोळीला गेली. मी राख आणि काथ्या घेतला, जाळी चकचकीत केली आणि मोठ्या ऐटीत तिच्या हातात दिली.

तिनं जाळी उलटीसुलटी करून पाहिली. "आत्या, त्यो गंज मी मुद्दाम चढवला व्हता."

त्या गंजामुळंच थोड्या विजेत काम भागतं, महागडा धातू लागत नाही, हे तिनं मला समजावून सांगितलं. सहा आठवडे ती जाळी न कुरकुरता चालली होती. आता ती किती टिकते याची मोजणी पहिल्यापासून. मला रडूच आलं. तिच्या जागी मी असते तर महिनाभर सासूशी बोलले नसते.

ती मात्र विचारात पडली होती. तिच्या सरांना एक शंका होती म्हणे: प्रयोगशाळेबाहेर, दुसऱ्या कुणाच्या हातून हे जमेल का?

"आता तुमीच चढवा," ती म्हणाली.

आधी घासलेलीच जाळी दुसरीसोबत बरणीतल्या पाण्यात सोडून पॅनलला जोडून पाहिली, तर वायूचे बुडबुडे अगदी नावाला. मग तिनं पुडीतून दिलेला लोखंडाचा क्षार मी पाण्यात विरघळवला, जाळी त्यात बुडवली आणि उन्हात शेजारीच बसून राहिले. जन्मभर गंज काढणारी मी, तो धरायची वाट बघत होते. माझ्या हातून नाही झालं तर, ही धास्ती काही जाईना.

दुपारी जाळी विटकरी झाली. पॅनल जोडताच दोन्ही जाळ्यांवरून बुडबुड्यांची रीघ लागली. सुनेनं वही उघडली आणि लिहिलं: गंज दुसऱ्यांदा, चढवणारी सासू.

भांड्यांचं कौतुक आयुष्यभर ऐकलं. माझ्या हातचं काम कुणी लिहून ठेवलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.