खालांची राहिलेली सूरा

लातूरला क्लासेसचं वारं भरात होतं, त्या दिवसांत मी सकाळी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची आणि दुपारी माझ्या भाड्याच्या खोलीत कुरआनचं पठण. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. नांदेडला बी.एससी. करताना शेजारच्या वयस्कर आपांनी मला एकेक अरबी अक्षर नव्याने म्हणायला शिकवलं होतं. त्यांचं ते देणं पुढे कुणाला तरी द्यावं, एवढंच मनात होतं.

त्या दुपारी आठवतात तेव्हा सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं. कूलरचा ओला वारा, पडद्यातून गाळून आलेला हिरवट उजेड, समोरच्या इमारतीतून माइकवर येणारा भौतिकशास्त्राचा तास. एका भिंतीशी अक्षरओळख करणाऱ्या चिमुरड्या. दुसऱ्या भिंतीशी हदगाव, मुरुडहून डॉक्टर व्हायला आलेल्या होस्टेलच्या मुली. भराभर वाचणाऱ्या आणि भराभर चुकणाऱ्या. फळ्यावर मी तोंडाचा उभा छेद काढून ठेवलेला असे: घसा, जीभ, टाळू, दात. कुठलं अक्षर कुठून निघतं ते खडूने दाखवायची. मग सगळे आवाज एकमेकांत विरघळत, आणि वाटे, खोलीच झोपेत काहीतरी पुटपुटते आहे.

दोन्ही भिंतींच्या मधे एक वयस्कर बाई बसत; सगळ्याच त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. किल्लारीकडच्या. भूकंपात त्यांची मुलगी गेली. पुढे त्या मुलाकडे लातूरला राहायला आल्या. कुरआनचा शेवटचा भाग बिनचूक वाचून पुरा करायचा आणि त्याचं पुण्य मुलीला बख्शायचं, तिच्या नावे करायचं, त्यासाठीच त्या येत. सगळं झालं होतं. एक लहानशी सूरा, एक अध्याय तेवढा राहिला होता, जमीन हादरण्याचा. ती सूरा आली की त्या पान उलटत.

"खाला, ऑप्शनला टाका की तिला," एक होस्टेलवाली म्हणाली. "आम्ही तर अख्खा धडा टाकतो."

"तुमच्या पेपरात चालतं ते," खाला हसल्या. "हितं न्हाई. लेकीला अर्धं ताट वाढू का?"

चिमुरड्यांना छोट्या सूरा मी तोंडी शिकवत असे. एक तुकडा मी म्हणायचा, मग त्यांनी. एका दुपारी त्यांचा धडा नेमका त्या सूरेपाशी आला. मी सुरुवात करणार, तोच खाला चटई ओढत त्यांच्यात येऊन बसल्या.

"सरका गं. आज म्या बी ल्हानच."

"तुम्ही तं म्हाताऱ्या हाव," एक चिमुरडी म्हणाली.

"म्हातारी तं म्हातारी. सरक."

मी एक तुकडा म्हटला. मुलींच्या गलक्यामागून खालांचा आवाज आला, जरा उशिराने, भिंत धरून चालल्यासारखा. तुकड्या-तुकड्यांनी सूरा संपली. मग त्यांनी डोळे मिटले आणि एकटीने पहिल्यापासून म्हटली, शेवटपर्यंत. होस्टेलच्या मुली वाचायच्या थांबल्या होत्या.

जमीन आपली ओझी बाहेर टाकते, त्या आयतीत, त्या ओळीत, एक अक्षर चुकलं होतं. खालांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी चिमुरड्यांकडे वळले.

"चुकलं ना कुठं तरी?" त्यांनीच विचारलं.

"राहू द्या खाला. पोचलं असेल."

"या होस्टेलच्या पोरींना सोडतीस का तू? मंग मलाच का? ती असती तर टोकलं असतं तिनं. लई टोकायची मला."

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला. हलकंच. दाबायचं नाही."

त्यांनी म्हटलं. नाही आलं. पुन्हा म्हटलं. चिमुरड्या त्यांच्या तोंडाकडे टक लावून आपापल्या जिभा दातांना लावत होत्या. शेवटी ते अक्षर आलं, फुंकर घातल्यासारखं बारीक. खाला थांबल्या नाहीत. तिथून सरळ शेवटपर्यंत गेल्या, मग ओंजळ वर केली आणि मुलीचं नाव घेतलं. इतक्या दिवसांत ते मी पहिल्यांदाच ऐकलं.

"कोन ती?" मघाच्याच चिमुरडीने विचारलं.

"माझी लेक."

"मोठी हाय?"

खालांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तुझ्याएवढीच हाय."